वकिलीचा धंदा आणि पदवीची तीन वर्षे

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कित्येक वर्षांची मागणी पदरात पडली. पक्षकारांची मुंबईची खेप चुकली हा लाभ तर उघडच आहे. परंतु त्याच्याच पोटी दुसरी एक गोष्ट घडत असलेली आमच्या दृष्टीस पडत आहे. ज्या घरांतून मुलास दुकानाच्या गादीवर बसवावे की बँकेच्या परीक्षेस बसवावे एवढाच खल होत असे, त्या घरांतून आता ‘पोरास वकील करावे काय?’ असा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. प्रश्न चांगला आहे. तो विचारण्याची वेळ मात्र बहुधा चुकते, आणि म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

वेळ चुकते ती अशी. मुलगा बी. कॉम. किंवा बी. ए. होतो. नोकरीचे दोन-तीन अर्ज परत येतात. स्पर्धा परीक्षेत एक-दोन वर्षे जातात. मग एखादे दिवशी जेवता जेवता वडील म्हणतात, ‘काही जमत नसेल तर वकिली तरी कर.’ या ‘तरी’ शब्दात आमच्या समाजाची या धंद्याविषयीची सारी कल्पना भरलेली आहे. ज्याला तराजू धरता येत नाही त्यास आपण दुकानावर बसवीत नाही, आणि ज्याला रोजमेळ जुळविता येत नाही त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देत नाही. मात्र ज्याच्या एका सहीवर आपले घर, आपली जमीन आणि प्रसंगी आपली मोकळीक अवलंबून राहावयाची, तो मनुष्य दुसरीकडे कोठे न जमल्यामुळे तेथे आलेला असावा, याचे आपणांस काहीच वाटत नाही!

आमच्या व्यापारी वाचकांस त्यांच्या रोजच्या व्यवहारातलेच उदाहरण देतो. गिऱ्हाइकाने दिलेला धनादेश वटला नाही. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टात १९८८ साली घातलेले १३८ वे कलम आता बाजारात पोरासोरांसही ठाऊक आहे. पण त्या कलमाची मुदत कितीजणांस ठाऊक आहे? बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत देणेकऱ्यास लेखी नोटीस पाठविली पाहिजे. नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवस त्यास पैसे भरण्यास मिळतात. ते उलटले म्हणजे एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल व्हावयास पाहिजे. फिर्यादीस उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीस उशीर झाला तर तशी सोय नाही. धनादेशाची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकून नव्याने प्रारंभ करता येईल. ती संपली असेल तर या कलमाचे दार बंद. आता ज्या वकिलाने हे कलम मार्गदर्शकातून पाठ केले आहे त्यास ‘दोन वर्षांपर्यंत कैद’ एवढे आठवते. ज्याने ते शब्दशः वाचले आहे त्यास तीस दिवस आठवतात. पक्षकाराचे पैसे बुडतात ते या दोघांमधल्या अंतरात. आणि हे अंतर लॉ कॉलेजात निर्माण होत नाही. ते त्याच्या आधीच पडलेले असते.

नियमांचा भाग आम्ही थोडक्यात उरकतो. वकिलीकडे जाण्यास दोन वाटा आहेत. एक, बारावीनंतर पाच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम. दुसरी, कोणत्याही शाखेची पदवी घेऊन त्यानंतर तीन वर्षांचा एलएल. बी. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या वाटेस पदवी परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्यास ४५ टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास ४० टक्के गुण लागतात. काठावरच्या गुणांस वर ढकलून पंचेचाळीस करण्याची सोय त्यांत नाही. दुकान सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दहावी-बारावी रीतसर होऊन मग अशी पदवी घेतली असेल तर अडचण नाही, त्या पायऱ्या गाळून थेट पदवी घेतलेली असेल तर ती येथे चालत नाही. महाराष्ट्रातील कॉलेजांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षास असलेला विद्यार्थीही तीस बसू शकतो. पुण्या-मुंबईपलीकडे पाहणाऱ्यास दिल्ली विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानेही २०२२ पासून पदवीधरांकरिता असा वर्ग उघडला आहे.

मग पदवीस विषय कोणता घ्यावा? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, आणि विचारणाराची अपेक्षा अशी असते की आम्ही ‘राज्यशास्त्र’ असे उत्तर द्यावे. आमच्याच प्रांताचा इतिहास पाहिला तर हे उत्तर टिकत नाही. लोकमान्य टिळकांनी गणितात बी. ए. केले आणि मग १८७९ साली एलएल. बी. झाले. न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग हे संस्कृताचे व्यासंगी. त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध आहे, आणि १८८९ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. डॉ. आंबेडकरांची पहिली पदवी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांची. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हाच पुरुष पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य आणि घटना-समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. गणित, संस्कृत, अर्थशास्त्र यांत सामाईक काय? विषय कोणताही असो, तो मुळापासून वाचण्याची सवय. तेव्हा ज्या विषयात मुलाचे मन रमते आणि जेथे गुरुजी खरोखर शिकवितात, तो विषय घ्यावा. वाणिज्य शाखेच्या मुलांनी तर स्वतःस कमी लेखण्याचे मुळीच कारण नाही. भागीदारीचा वाद, दिवाळखोरी, कराचे अपील, किंबहुना पोटगीचा दावासुद्धा अखेर कोणाच्या तरी हिशेबाच्या वह्यांशी येऊन थांबतो, आणि ताळेबंद वाचता येणारा वकील आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी अजून शोधावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वकिलाच्या घरी जन्मलेल्या मुलास एक मोठी इस्टेट फुकट मिळते. ती म्हणजे पुस्तकांची कपाटे किंवा पक्षकारांची यादी नव्हे. बापाच्या कचेरीत संध्याकाळी जमणारी माणसे तो लहानपणापासून पाहतो. कोण खरे सांगतो, कोण अर्धे सांगतो, कागद मागितला की कोणाचा चेहरा उतरतो, ‘तारीख’ आणि ‘मुदत’ यांत फरक काय, दावा आणि कैफियत म्हणजे काय, हे त्याच्या कानावरून इतक्या वेळा गेलेले असते की लॉ कॉलेजात पहिल्या दिवशी त्यास काहीच परके वाटत नाही. वाण्याच्या, शिंप्याच्या, शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या मुलास ही इस्टेट नाही. ज्या समाजांस पिढ्यान्‌पिढ्या न्यायकचेरीची पायरी केवळ आरोपी किंवा कर्जदार म्हणूनच चढावी लागली, त्यांच्या मुलांस तर ती मुळीच नाही. ही उणीव भरून काढण्यास त्यांच्यापाशी एकच अवकाश आहे, आणि तो म्हणजे पदवीची तीन वर्षे. तो जर त्यांनी केवळ प्रवेश परीक्षेच्या युक्त्या शिकण्यात घालविला, तर लॉ कॉलेजच्या दारातून आत जाऊनही ते बाहेरचेच राहतील आणि हा धंदा थोड्या घराण्यांच्या हाती आहे तसाच राहील.

युक्त्यांचा बाजार सध्या तेजीत आहे हे आम्ही जाणतो. तीन महिन्यांत ‘हमखास प्रवेश’ देणाऱ्या वर्गांच्या पाट्या आता तालुक्याच्या गावीही लागल्या आहेत. प्रश्नपत्रिकांचा सराव करू नये असे आम्ही म्हणत नाही. घड्याळ लावून तसा सराव अवश्य करावा, आणि त्यास शेवटचे पाच-सहा महिने पुरतात. परंतु तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या या परीक्षेचे स्वरूप पाहिले तर कायद्याचा कल, सामान्यज्ञान, तर्क व इंग्रजी असे तिचे भाग आहेत, आणि त्यांत एकट्या इंग्रजीचा हिस्सा सुमारे एकतृतीयांश आहे. तीन महिन्यांत इंग्रजी येते असे सांगणाऱ्यास आमचा दुरूनच नमस्कार!

भाषेची गोष्ट निघाली म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच आमची मुले दोन्ही बाजूंनी फसतात. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते; महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मात्र मराठी आहे. तेव्हा मराठी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजीस भिऊन अर्धा वकील राहतो, आणि इंग्रजी शाळेतून आलेला मुलगा सातबारा, फेरफार, गहाणखत, वाटणीपत्र हे शब्द ऐकून गोंधळतो व दुसऱ्या अर्थाने अर्धा वकील राहतो. दोघांसही उपाय एकच, आणि तो घरच्या कपाटात आहे. प्रत्येक व्यापाऱ्याच्या घरी जुने खरेदीखत, भाडेपट्टा, भागीदारीपत्र, विम्याचा करार यांपैकी काही ना काही असतेच. मुलाने त्यांतील एक कागद घ्यावा आणि त्यात कोणी, कोणास, काय, केव्हा, कोणत्या अटीवर दिले, हे आपल्या शब्दांत एका पानात लिहावे. मग तेच पान दुसऱ्या भाषेत लिहावे. दहा कागद झाले म्हणजे ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन लहान शब्दांवर किती मोठे वाद उभे राहू शकतात, हे त्याचे त्यासच कळून येईल. वडिलांनीही ‘तुला काय करायचेय त्याच्याशी’ असे म्हणून तो कागद परत कुलपात घालू नये. (आजोबांच्या वेळचे कागद मोडीत असतील, आणि ज्याला मोडी वाचता येते तो जमिनीच्या दाव्यात दहा वकिलांस भारी पडतो. ही लिपी उन्हाळ्याच्या एका सुट्टीत शिकता येण्याजोगी आहे.)

वाचनाविषयी दुसरी सूचना. सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्रांचे अधिकृत संग्रह २०२३ पासून इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात, आणि त्यांतील काही निकालांचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. पंधरा दिवसांस एक निकालपत्र सबंध वाचावे. सबंध वाचावे असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांचा ‘ओल्गा टेलिस’ खटला घ्या. १९८५ च्या या निकालात जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे न्यायालयाने सांगितले, एवढे एक वाक्य प्रत्येक मार्गदर्शकात छापलेले असते, आणि विद्यार्थी समजतो की झोपड्या वाचल्या. निकालपत्र शेवटपर्यंत वाचणारास कळते की महापालिकेचा अतिक्रमण हटविण्याचा अधिकार न्यायालयाने वैध ठरविला, आणि त्या वर्षीचा पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत कोणास हलवू नये एवढीच सवड दिली. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांच्या पर्यायी जागेचा प्रश्न वेगळा. तत्त्व जिंकले, आणि तरीही माणसे उठली. हे दोन्ही एकाच कागदावर कसे लिहिले जाते, हे ज्याने विसाव्या वर्षी पाहिले, तो पुढे पक्षकारास खोटी आशा दाखविण्यापूर्वी दोनदा थांबेल.

आणि जुन्या पुस्तकांपासून सावध असावे. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम आले. आमच्या भाषेत ‘चारसोबीस’ हा शब्द कायम राहील असा रंग दिसतो, पण फसवणुकीचे कलम आता ३१८ वे आहे. तथापि जुने ग्रंथ रद्दीतही घालू नयेत. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांस जुनी दंडसंहिताच लागू असल्यामुळे पुढील कित्येक वर्षे दोन्ही जाणणे भाग आहे.

पुस्तकांच्या बाहेरचे शिक्षण न्यायालयात आहे, आणि ते फुकट आहे. आमच्या सुशिक्षित लोकांतही पुष्कळांस असे वाटते की खटला असल्यावाचून न्यायालयात पाऊल टाकता येत नाही. हा निव्वळ भ्रम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १५३-ब कलमाप्रमाणे दाव्याची सुनावणी जेथे होते ती जागा खुले न्यायालय होय, आणि जागा असेल तितक्या लोकांस तेथे बसता येते. फौजदारी न्यायालयांचा सर्वसाधारण नियमही तोच. काही नाजूक प्रकरणे बंद दाराआड चालतात, तेवढा अपवाद. कॉलेजास सुट्टी असेल आणि न्यायालय चालू असेल असा दिवस महिन्यातून एक तरी सापडतोच. त्या दिवशी मुलाने मागच्या बाकावर शांत बसावे, भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि एकाच प्रकरणावर लक्ष ठेवावे. प्रथम त्याची निराशा होईल. चित्रपटातली गर्जना तेथे नाही. पुकारा होतो, कोणीतरी अर्ज देतो, पुढची तारीख पडते, आणि जिल्ह्याच्या टोकाहून पहाटेची एस. टी. धरून आलेली म्हातारी ‘झालं का?’ असे विचारीत बाहेर येते. त्या म्हातारीचा प्रश्न त्याने विसरू नये. तिचा साक्षीदार का आला नाही, समन्स बजावले गेले होते काय, वकिलाने मागच्या तारखेस काय केले होते, हे शोधू लागला की प्रक्रियेचा कायदा त्यास शिकवावा लागणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये तालुक्या-तालुक्यांत विधी सेवा समित्या आहेत, त्यांची लोकन्यायालये भरतात, आणि त्यांस स्वयंसेवक हवे असतात. मदत मागण्यास आलेल्या मनुष्याचा अर्ज त्याच्या शब्दांत लिहून देणे हे काम बी. ए. च्या विद्यार्थ्यास उत्तम प्रकारे करता येईल.

मुलींविषयी स्वतंत्र लिहिणे आम्हांस खरे तर आवडत नाही. पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून पदवीधर झाल्या आणि १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डास कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांस वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा मात्र हिंदुस्थानात १९२३ साली झाला. एकतीस वर्षे! ती अडचण कायद्याची होती आणि ती गेली. आजची अडचण आमच्या घरांतली आहे. मुलीस लॉ कॉलेजात घालण्यास आता कोणी नाही म्हणत नाही, परंतु ‘कोर्टात जाऊन बसते’ म्हटल्यावर कपाळावर आठी उमटते. ज्या ठिकाणी पुढे उभी आयुष्ये काढावयाची तेथे विद्यार्थिदशेत जाण्यास मज्जाव, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे. घरच्यांचे भय सर्वस्वी निराधार आहे असेही आम्ही म्हणणार नाही. देशातील सर्व न्यायालयांच्या आवारांत स्त्रियांकरिता नीट प्रसाधनगृहे असावीत एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयास २०२५ च्या जानेवारीत आदेश द्यावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. परंतु यावरून मुलींस घरी ठेवावे असे निघत नाही. आपल्या गावच्या न्यायालयात त्या आदेशाचे काय झाले हे बापांनी व भावांनी जाऊन विचारावे असे निघते.

राहिला हिशेब, तो व्यापारी वाचकांपुढे उघडा मांडणे आमचे कर्तव्य आहे. पदवीची तीन वर्षे आणि कायद्याची तीन, अशी सहा. नंतर सनद. तिचे शुल्क १९६१ च्या वकील अधिनियमात लिहिले आहे तेवढेच, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजाविले. तोपर्यंत निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये उकळले जात होते. शिवाय २०१० पासून अखिल भारतीय वकील परीक्षा आहे. न्यायाधीश होण्याची इच्छा असेल तर आणखी थांबावे लागेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. आणि ही प्रारंभीची वर्षे बहुधा कोरडी जातात. कनिष्ठ वकिलास शहरात दरमहा निदान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावे अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने २०२४ च्या ऑक्टोबरात केली खरी. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि ज्येष्ठांपैकी कितीजण ती मनावर घेतील हे ज्याचे त्याने ताडावे. तात्पर्य, नऊ वर्षांचे भांडवल घालण्याची तयारी नसेल तर पोरास आधीच तसे सांगावे; तिसऱ्या वर्षी ‘कमावतोस कधी?’ म्हणून विचारू नये. दुकान नवे काढले तर तीन वर्षे नफ्याची वाट पाहणारा गृहस्थ मुलाच्या वकिलीस एक वर्षही देत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

यात सर्व भार विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बापावर टाकून मोकळे होणे बरे नव्हे. आमच्या गावच्या वकील संघापाशी ग्रंथालय आहे. सुट्टीच्या दिवशी ते दोन-तीन तास पदवीच्या विद्यार्थ्यांस उघडे ठेवले, आणि एखाद्या अनुभवी वकिलाने महिन्यातून एकदा जुना, निकाल लागलेला दावा कागदांनिशी उलगडून दाखविला, तर त्यास खर्च चहाचा तेवढा येईल. कॉलेजच्या प्राचार्यांनी न्यायालयाची भेट ही सहलीसारखी एकदाच न काढता पाच-पाच मुलांच्या तुकड्या पाठवाव्या. साठ मुले एकदम गेली तर न्यायाधीश त्यांस बाहेर काढतील आणि त्यांचे चुकणारही नाही. आणि ज्या नगर वाचनालयांत कायद्याच्या कपाटात अजून जुनी दंडसंहिताच मांडलेली आहे, त्यांच्या चिटणीसांस आमची विनंती आहे की येत्या खरेदीत तिन्ही नव्या संहिता व मराठी राज्यघटना यांच्या दोन-दोन प्रती घ्याव्या, आणि त्यांतील एक घरी नेण्यास द्यावी.